कौसल्याबाईंच्या पुस्तकास वाचा फुटली ती हकीगत

श्रीशारदा प्रसन्न. कान देऊन वाचणारे समस्त थोर जन, त्यांचे चरणी विज्ञापना ऐसी जे, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, ज्येष्ठमासी दिनकरपंत राजोपाध्ये यांणी पेन्शनीत नुसते बसोन काय करावे म्हणोन, अंध वाचकांस पुस्तके स्कॅन करोन धाडावयाची सेवा आपखुशीने पत्करिली. आणि पहिलीच मोहीम नाजूक. कौसल्याबाई शेळके, जन्मापासोन दृष्टी नाही, बुद्धी मात्र मोठी तल्लख, शाळेत इतिहास शिकवावयास नव्याने रुजू जाहल्या होत्या. आणि हेडमास्तरसाहेबीं साफ सांगितले की, सोमवारी वर्ग पाहू, जमला तर ठीक, नाहीतर बाईंनी पोरांस गाणी शिकवावी. हे ऐकोन पंतांस बहुत राग आला आणि त्यांणी पाठ्यपुस्तक हाती घेतले.

मग एकेक पान ऐसे सरळ ठेविले की तसूभर वाकडे नाही, आणि पीडीएफ करोन डौलाने रवाना केली. लगोलग बाईंचा फोन आला, "काका, पुस्तक देखणं असेल हो, पण माझा मोबाइल नुसता 'रिकामं पान, रिकामं पान' म्हणतोय." पंत चाट पडले. मग उमगले की आपण अक्षरांच्या तसबिरी धाडल्या, अक्षरे धाडलीच नाहीत! तेव्हां संगणकाकडोन अक्षरे ओळखवोन घेतली, चुका निवडल्या, आणि वाचणारा आवाज वाक्याचे मध्येच "एकेचाळीस" ऐसे खेकसतो हे ऐकोन पानांचे आकडे झाडून सारे पुसले, आणि साधी टेक्स्ट फाइल धाडोन निवांत चहा मागविला.

चहा निवतो तो पुन्हा फोन. "काका, बोलतंय झकास! पण आकडे कुठं गेले?" पंत म्हणाले, "अगं, कचरा होता तो. काढून टाकला." "अहो काका! पोरांच्या हातात छापील पुस्तक. 'पान कितवं, बाई?' म्हणाली तर काय सांगू? आणि धडाही सापडेना, पहिल्यापासून ऐकत बसावं लागतंय." पंतांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले.

रविवार होता. सूनबाई रागें भरल्या, ताट निवोन गेले, तरी पंत उठले नाहीत आणि ईपब म्हणोन जी फाइल असते ती बांधिली. धड्यांस मथळे दिले, आणि पुसलेला एकेक आकडा छापील पुस्तकाशी ताडोन ऐसा बसविला की त्याणे मध्ये तोंड घालू नये, मात्र पान मागितले तर नेमके तेथेच नेऊन सोडावे.

सोमवारी हेडमास्तर मागल्या बाकावर येऊन बसले. बाईंनी इअरफोन कानी घातला, मोबाइलवर बोट फिरविले आणि म्हणाल्या, "पान त्रेपन्न उघडा." सारा वर्ग सळसळला. मग एक पोरगी उठोन म्हणाली, "बाई, माझं ते पानच फाटलंय." "मग मागं सरांजवळ बस, त्यांच्या पुस्तकात बघ." "बाई, सरांनी पुस्तकच आणलं नाही!" एकच हशा जाहला. बाई हसू दाबोन म्हणाल्या, "सर, उद्यापासून घेऊन यायचं हं." आणि हेडमास्तर चट उभे राहिले व म्हणाले, "हो, बाई."

येणेप्रमाणे वर्ग बाईंकडे कायम जाहला. पंतांस हे कळले तेव्हां आनंदे डोळे भरोन आले, आणि तेथोन पुढे कोणाचेही पुस्तक स्कॅनरवर ठेवण्यापूर्वी "तुम्ही ते वापरणार कसं?" ऐसे ते आधी पुसों लागले. घडले तैसे लिहिले, लेखनसीमा.