शीतकपाट काटकसर समिती

ज्या वस्तूचा खर्च सगळ्यांनी मिळून द्यायचा असतो, ती कशी वापरावी याचे ज्ञान सगळ्यांना आपोआप होते. या ज्ञानाला शिक्षण लागत नाही, आणि शिक्षण झालेले असले तरी त्याची अडचण होत नाही.

पिंपरीला औषधांचा कारखाना निघाला, त्यापाठोपाठ कामगारांची वसाहत उभी राहिली. तिच्यातल्या क-तीन इमारतीत आठ बिऱ्हाडे होती आणि जिन्याखाली विजेचा एक मीटर होता. (मीटर आठ मंजूर झाले होते. उरलेले सात वाटेत होते.) महिन्याचे बिल आठांनी सारखे वाटून भरायचे. माणसे कोणी बीडकडची, कोणी रत्नागिरीकडची, कोणी इथली चिखलीची. पण मीटर एक असल्यामुळे त्यांच्यात फार लवकर जिव्हाळा निर्माण झाला. कोणाकडचा दिवा किती वेळ जळतो याची प्रत्येकाला कळकळ असे, आणि वाटणीत नुकसान होऊ नये म्हणून प्रत्येक जण आपला दिवा जरा जास्तच जाळी.

अशा सुखी इमारतीत कुसुमताईंनी फ्रिज आणला.

कुसुमताई बी.एस्सी. झालेल्या होत्या आणि वसाहतीच्या शाळेत विज्ञान शिकवत. त्यांचे यजमान ज्योतीराम बॉयलरवर पाळीने कामाला होते; बॉयलरपुढे बोललेले ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांची बोलण्याची सवय मोडली होती. घरात ज्योतीरामांच्या आई सुभद्राबाई. त्यांना साखरेचा आजार होता. रोज सकाळी इन्शुलिनचे इंजेक्शन घ्यावे लागे, आणि इन्शुलिन उन्हाळ्यात बाहेर टिकत नसे. देहूरोडच्या छावणीतला एक अधिकारी बदली होऊन जाताना सामान विकत होता, त्याच्याकडून जुना फ्रिज मिळाला. शेजारच्या खैरुन्निसाचे यजमान मन्सूर मेकॅनिक होते, त्यांनी तो सुरू करून दिला. मधल्या फळीवर अंगठ्याएवढी बाटली ठेवली गेली. फ्रिजचे काम एवढेच होते.

पुढच्या महिन्यात बिल वाढले. कुसुमताई स्वतःच उद्धवरावांकडे गेल्या. उद्धवराव कारखान्याच्या भांडारात कारकून होते आणि इमारतीचे बिल तेच गोळा करत.

"वाढीव रक्कम आम्ही एकटे भरू," कुसुमताई म्हणाल्या.

"छे छे, वहिनी!" उद्धवराव दुखावले. "आम्ही काय परके आहोत? तुम्ही एकट्यांनी भरलंत तर तो फ्रिज तुमच्या एकट्यांचा होईल. शेजाऱ्यांना असं तोडू नका."

मोजून आणलेले पैसे कुसुमताईंनी परत नेले. त्याच आठवड्यात काटकसर समिती स्थापन झाली. अध्यक्ष उद्धवराव, बाकीची इमारत सदस्य.

समितीने प्रथम मूळ दुखण्याला हात घातला. 'फ्रिज' हा शब्द परका, आणि परकी वस्तू वीज जास्त खाते, असे अध्यक्षांचे निरीक्षण होते. तेव्हा फ्रिजला 'शीतकपाट' म्हणावे असे ठरले. या सुधारणेने बिलात किती घट झाली हे मोजता आले नाही, पण भाषेला बळ आले.

दुसरा निर्णय जागेचा होता. सामाईक खर्चाची वस्तू खासगी खोलीत असणे बरे दिसत नाही, म्हणून शीतकपाट चौघांनी उचलून सामाईक व्हरांड्यात आणले. कुसुमताईंनी ज्योतीरामांकडे पाहिले. ज्योतीराम रात्रपाळीहून आलेले होते. "असू दे. शेजार आहे," ते म्हणाले आणि एक बाजू उचलायला पुढे झाले.

तिसरा निर्णय मात्र विज्ञानाच्या पायावर उभा होता, आणि तो पाया कुसुमताईंनीच घातला. वीज कशी वाचेल, असे अध्यक्षांनी सभेत विचारले. कुसुमताईंना खोटे सांगता येत नसे, आणि अर्धवट तर मुळीच नाही. त्या म्हणाल्या, "भिंतीपासून थोडा पुढे ओढा, मागची उष्णता बाहेर जाऊ दे. दार कमी उघडा. आणि आत वस्तू असल्या की थंडावा टिकतो; अगदी रिकामा ठेवू नये."

पहिले वाक्य खर्चिक वाटल्यामुळे सोडून देण्यात आले. (पुढे ओढले तर व्हरांड्यात उद्धवरावांची सायकल कुठे ठेवायची?) उरलेली दोन एकमताने मंजूर झाली. विज्ञानाचे कोणीतरी ऐकले याचा कुसुमताईंना त्या दिवशी आनंद झाला, हे इथे नोंदवणे भाग आहे.

शीतकपाट भरायचे ठरले. पण भरायचे कशाने? शिळे अन्न ठेवायला इमारतीची तयारी नव्हती. शिळे ते शिळेच, ते थंड केल्याने ताजे होत नाही, असे शालनबाईंचे मत होते. शालनबाई म्हणजे उद्धवरावांच्या पत्नी. कोडे त्यांनीच सोडवले. "अहो, कपाट म्हणता ना त्याला? मग कपाटात जे ठेवतात तेच ठेवायचं!"

दुसऱ्या दिवशी त्यांचा लग्नातला शालू खालच्या फळीवर आला. त्यामागोमाग रत्नागिरीकरांचा लोकरी कोट डांबराच्या गोळ्यांसकट आला. उद्धवरावांचे शाळा सोडल्याचे दाखले आले, चांदीचे निरांजन आले, कोणाचा तरी तबल्याचा डग्गा आला. (थंडीने डग्ग्याचा सूर उतरतो, ही तक्रार नंतरची.) खैरुन्निसाने बराच आग्रह झाल्यावर अत्तराची एक कुपी ठेवली.

"ताई, नाही ठेवलं तर म्हणतील ही आमच्यातली नाही," ती कुसुमताईंना हळूच म्हणाली. "ठेवलं तर म्हणतील वास येतो. वास आलेला बरा."

एवढा ऐवज आत गेल्यावर कुलूप आलेच. किल्ली उद्धवरावांच्या करगोट्याला गेली. दार उघडण्याची वेळ रोज सकाळी एकदा, भोंग्याआधी. कारण समितीच्या अंदाजाप्रमाणे दार एकदा उघडले की घमेलेभर थंडी व्हरांड्यात सांडते, आणि ती भरून आत टाकण्याचे साधन अजून निघालेले नाही.

सुभद्राबाईंचे इंजेक्शन त्या वेळेला बांधले गेले. इंजेक्शनाआधी खायचे नसे आणि रविवारी उद्धवराव उशिरा उठत, म्हणून सुभद्राबाईंचा सकाळचा चहा आणि भाकरीही उशिरा होई. हे सगळे कुसुमताईंनी सोसले. पण एका सकाळी दार उघडले तेव्हा मधल्या फळीवर पानसुपारीचे तबक होते आणि बाटली दिसेना. सापडली ती वर, बर्फाच्या खणात कोटाच्या बाहीखाली कोंबलेली. कुसुमताईंनी ती उजेडात धरली. आतले औषध गोठले होते.

गोठलेले इन्शुलिन परत पातळ होते, पण त्याचा उपयोग होत नाही. हे इमारतीत फक्त कुसुमताईंना माहीत होते. ज्योतीराम रात्रपाळी करून तसेच पुण्याला गेले आणि संध्याकाळी नवी बाटली घेऊन आले. तोवर सुभद्राबाई भिंतीला टेकून बसून राहिल्या. त्या बोलत नव्हत्या, आणि सुभद्राबाई बोलत नाहीत असे आजवर झालेले नव्हते.

कुसुमताईंनी सभेपुढे एकच मागणी ठेवली: मधल्या फळीवर चार बोटे जागा.

समितीने विचार केला. कपाटात कपडे असतात, कागद असतात, ऐवज असतो. औषध कपाटातल्या वस्तूंत मोडत नाही. "शिवाय, वहिनी," उद्धवराव समजुतीने म्हणाले, "औषधाला तोटा आहे का आपल्याकडे? समोर सबंध कारखाना आहे!"

त्या कारखान्यात इन्शुलिन होत नव्हते. कुसुमताईंनी तसे सांगितले. ते इतिवृत्तात आले नाही.

घरी येऊन त्या म्हणाल्या, "आत्याबाई, उद्यापासून बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशी ठेवू."

"आन् ती नासली मंजे?"

"ते मला सांगता येत नाही."

"तुला सांगता येत न्हाई मंजे कठीणच हाय," सुभद्राबाई म्हणाल्या आणि उठल्या.

सकाळी कुलूप उघडायला सगळे जमले होते. सुभद्राबाई डोक्यावर पदर घेऊन हळूहळू आल्या. हातात तांब्याचा गडू, वर तुळशीचे पान.

"सरा रं बाजूला. आळंदीचं तीर्थ हाय."

शालनबाईंनी चटकन हात जोडले. तबक उचलले गेले. रत्नागिरीकरांनी वर चामड्याचे पाकीट होते तेही काढून घेतले, तीर्थावर चामडे नको. सबंध मधली फळी ओल्या फडक्याने पुसून मोकळी करण्यात आली. गडूत इन्शुलिनची बाटली उभी होती. इमारतीतले सगळे पुरुष औषधाच्या कारखान्यात होते, पण औषधाची बाटली ओळखण्याचे काम ते कामावरच करत.

कुसुमताईंना हे सोसेना. "आत्याबाई, खोटं बोललात."

"खोटं कसं? ह्याच्यावाचून मी जगंन का?"

"नाही."

"मग त्याला तीर्थ न्हाई म्हणायचं तर काय म्हणायचं?"

कुसुमताईंनी ही व्याख्या दोन-तीनदा तपासली. तिच्यात चूक सापडली नाही.

तीर्थाची कीर्ती मात्र अडचणीची ठरली. एकादशीला आंघोळी करून, उजव्या हाताचा द्रोण करून, सगळी बिऱ्हाडे शीतकपाटापुढे ओळीने उभी राहिली. खैरुन्निसासुद्धा डोक्यावर ओढणी घेऊन कडेला उभी होती. खर्चात ती होती, मग तीर्थात का नसावी? सर्वांत पुढे उद्धवराव.

कुसुमताईंनी ओळ मोजली. बाटलीतले औषध एवढ्या तळहातांवर संपले असते, आणि पुण्याहून दुसरी यायला दिवस लागला असता. मागचा तसला दिवस त्यांना आठवला.

"हे तळहातावर घ्यायचं तीर्थ न्हाई," सुभद्राबाई शांतपणे म्हणाल्या. "दंडात टोचून घ्यायचं हाय. कुसुम, सुई दाव."

कुसुमताईंनी उकळलेली सुई दाखवली. ओळ मागे सरकली. उद्धवराव सरकले नाहीत. त्यांनी बाही वर केली.

"टोचा," ते म्हणाले. "माझा आठवा हिस्सा आहे."

निरोगी माणसाला इन्शुलिन टोचले तर त्याला घाम फुटतो, भोवळ येते, आणि त्याहून वाईटही होते. कुसुमताईंनी तोंड उघडले. पण खरे सांगायचे तर तीर्थाचे औषध होत होते, आणि औषध फळीवर बसत नव्हते.

"टोच गं त्येला," सुभद्राबाई म्हणाल्या. "पर आधी नेम सांग. ह्ये तीर्थ घेतलं की जल्मभर गोड वर्ज्य. च्यात साखर न्हाई, सणाला पोळी न्हाई, आंबा न्हाई. मी कुठं खाते?"

"आमरस?" उद्धवरावांनी विचारले.

"आंबा मंजे आंबा, बाबा."

उद्धवरावांनी बाही खाली केली आणि बटण लावले.

त्या संध्याकाळच्या सभेत पुढील निर्णय झाले. मधली फळी तीर्थासाठी कायमची राखीव. किल्ली सुभद्राबाईंकडे. शीतकपाट अखंड चालू राहील. बिल वाढले तर वाढो, धर्मकार्यात काटकसर बघत नाहीत. वाढीव खर्च भरून काढण्यासाठी जिन्यातला दिवा काढून टाकावा. तो त्याच रात्री काढला. उद्धवराव अंधारात दोन पायऱ्या चुकले आणि पाय मुरगळून घेऊन बसले. शेकायला बर्फ मागितला, तर दार आता सकाळीच उघडेल असे त्यांना कळवण्यात आले.

समितीचे काम पुढेही समाधानकारक चालू राहिले. आठव्या बिऱ्हाडाची मात्र बदली झाली आणि आठवा वाटेकरी हवा आहे. हे वाचताना उद्धवरावांना ज्यांनी आतापर्यंत मनसोक्त नावे ठेवली आणि तरीही, शीतकपाटाची सबंध एक फळी नुसत्या बाटलीला दिलेली पाहून, तिच्या बाजूला आपली कोणती वस्तू सहज मावेल हे मनातल्या मनात ठरवून टाकले, त्यांनी अर्ज करण्याचे कष्ट घेऊ नयेत. त्यांची निवड झालेली आहे.