शेवटच्या गाडीचा आरसा

मोटारींच्या शर्यतीत आठ गाड्या असतात आणि निवृत्तीमामा दर वेळी आठवे येतात. अशा माणसाला मागचं दाखवणारा आरसा कशाला लागतो, हा प्रश्न मी त्यांना तीनदा विचारला. तिन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे बिनतिकीट प्रवाशाकडे बघावं तसं बघितलं आणि एकच उत्तर दिलं, "मास्तर, आरसा बसवून घ्या."

शर्यत अर्थातच कॉम्प्युटरवरची. दोन हजार सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. दौंडात स्टेशनच्या रस्त्याला माझा कॉम्प्युटर क्लास होता. टायपिंगला चार पोरी यायच्या आणि बाकीचा वेळ मी लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर उघडून नुसतं 'हं' म्हणायचो. त्या 'हं'मुळे पंचक्रोशीत माझा बराच दबदबा होता.

मामा वरवंडचे. तीस वर्षं एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर. नाव निवृत्ती असल्यामुळे ते रिटायर झाले तेव्हा अर्ध्या गावाने तोच एक विनोद केला आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच सुचला असं वाटलं. मामी त्याआधीच वारल्या होत्या. मुलगी लग्न होऊन सासरी गेली आणि तिच्या कॉलेजसाठी घेतलेला कॉम्प्युटर मागे राहिला. जाताना जावयाने त्यात मोटारींचा गेम टाकून दिला. "जावयाच्या हातनं झालेलं हे येकच काम," असं मामा म्हणत. ही स्तुती की निंदा, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

गेम भारी होता आणि कॉम्प्युटर गरीब. त्यामुळे दर पंधरवड्याला मामा कॉम्प्युटरचा डबा सोलापुरी चादरीत गुंडाळून बसने दौंडला आणत. डबा खिडकीत, मामा कडेला. एका नव्या कंडक्टरने डब्याचं तिकीट मागितलं तेव्हा मामा म्हणाले, "ल्हान हाय वो. अजून तीन पुरं न्हाईत."

कॉम्प्युटरचा आजार ते गाडीच्या भाषेत सांगत. "पिकअप घेत न्हाई. चढाला दम टाकतोय."

"रॅम कमी आहे, मामा."

"म्हंजी?"

"म्हणजे सीटा कमी आहेत. प्रोसेसर म्हणजे इंजिन, ते बरं आहे. पण चित्रं काढायला वेगळं ग्राफिक कार्ड लागतं, ते यात नाही. इंजिनच चित्रं काढतं."

मामांनी विचार केला. "म्हंजी ड्रायव्हरनंच तिकिटं बी फाडायची? मग गाडी पळंल कशी?"

वेगळं कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरचं इतकं चोख वर्णन मी पुन्हा कुणाकडून ऐकलं नाही. पुढे मी तेच वाक्य माझं म्हणून वर्गात शिकवायला लागलो.

दुरुस्ती झाली की मामा माझ्याच टेबलावर गेम लावून बघत. तो सोहळा असे. आधी खुर्ची पुढे-मागे सरकवून सीट जमवायची. मग नमस्कार. मग मला हुकूम, "बेल द्या." कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, म्हणून मी पेनाने टेबलावर दोनदा टकटक करायची. तोवर बाकीच्या सात गाड्या डोंगरापलीकडे गेलेल्या असत. वळण आलं की मामा हॉर्न मारत. उजवीकडे वळायचं असलं की खुर्चीबाहेर उजवा हात काढत. त्या हाताने माझे चहाचे दोन ग्लास फोडले. मागून कुणी जोरात आलं तर कडेला घेऊन त्याला जाऊ देत आणि म्हणत, "जा बाबा, तुझं काम निघालंय."

आणि आरसा! त्या गेममध्ये पडद्याच्या वरच्या भागात मागचा रस्ता दाखवणारा एक आरसा होता. तो चालू केला की कॉम्प्युटरला सगळं चित्र दोनदा काढावं लागे, एकदा पुढचं, एकदा मागचं. तिथेच मामांचा डबा हिसके खायचा. मी एकदा गुपचूप आरसा बंद केला. गाडी अशी पळाली की मी स्वतःवरच खूश झालो. मामांनी मात्र करकचून ब्रेक मारला.

"आरसा कुठं गेला?"

"मामा, तुम्ही आठवे आहात. मागे कोण आहे बघायला?"

तेव्हा तो प्रश्न मी दुसऱ्यांदा विचारला होता. उत्तर तेच आलं. ते उत्तर त्यांचं सगळ्यांसाठीच असे. दौंडातल्या पोरांप्रमाणे मीही ऐटीत मोटरसायकलचे आरसे काढून टाकले होते, तर स्टँडवर सोडतो म्हटल्यावर मामा मागे बसलेच नाहीत, "आरसा बसवून घ्या" म्हणाले आणि चालत स्टँडवर गेले. ग्रामपंचायतीला उभा राहिलेला एकजण पाया पडायला आला, तर त्यालाही हाच आशीर्वाद. तो निवडून आला आणि मागे वळून बघेना झाला, तेव्हा गावाला त्याचा अर्थ कळला.

आरशासाठी मामा वाटेल ते सोडायला तयार होते. "झाडं काढा," म्हणाले. मी झाडं काढली. "ढग काय करायचेत?" ढग गेले. सावल्या गेल्या, बघे गेले, काचांवरची चमक गेली. शेवटी माळरानावर राखाडी रस्ता राहिला आणि त्यावरून बिस्किटाच्या पुड्यासारखी मामांची गाडी चालली. आरशात मागचा राखाडी रस्ता. "आता झ्याक," मामा म्हणाले.

मला मात्र ते बघवेना. माझ्या हातचा कॉम्प्युटर आणि ही कळा! मी हट्टाने पुण्याहून एक ग्राफिक कार्ड आणलं आणि एका भर दुपारी मामांच्या डब्यात बसवलं. गेम लावला. झाडं आली, तीही पानांसकट. ढग आले, सावल्या आल्या, पुलाखाली चक्क पाणी हलायला लागलं. आणि वर आरसा, लख्ख, एक हिसका नाही.

"पाणी बघा मामा, पाणी!" मी ओरडलो.

मामा पाण्याकडे बघत नव्हते. सात गाड्या सुटल्या, दिसेनाशा झाल्या. मामांनी बेल मागितली नाही. ते आरशात बघत बसले होते.

"मामा, शर्यत सुटली."

"सुटू द्या. त्या एक्स्प्रेस हायती. आपली मुक्कामी."

मुक्कामी म्हणजे संध्याकाळी गावाला जाऊन रात्री तिथेच राहणारी शेवटची गाडी. मी हसलो आणि चौथ्यांदा विचारलं, "पण मागून येणार कोण आहे?"

"मास्तर, मधली गाडी चुकली तर मागली घावती. मुक्कामीच्या मागं दुसरी नसती. चुकला तो रस्त्यावर. एकदा सीझन व्हता. पाटसला उसाच्या ट्रॉलीनं माझा आरसा उडवला. टायम झालता, बेल झाली, म्या गाडी काढली. आमची ही माहेरावनं येत व्हती, डोक्यावर गठुडं. गाडीमागं पळाली. पार कारखान्याच्या फाट्यापतुर. आरसाच न्हाई, तर दिसनार कशी?"

"मग?"

"रातीला पाटसातच मावशीकडं ऱ्हायली. दुसऱ्या दिवशी म्या दौंडला जाऊन माघारी येताना पाटसच्या स्टँडवर माझ्याच गाडीत चढली. म्हनलं, आता भांडती. तर म्होरं येऊन येवढंच म्हनली, 'आरसा बसवून घ्या.' मला वाटलं, माझ्या काळजीनं म्हनती. पळाली व्हती ते मला ठावंच न्हाई. ती गेल्यावर दहाव्याला स्टँडवरला चहावाला आलता, त्यानं सांगितलं. पुढं वीस वर्सं नांदली, पर त्यातलं कदी बोलली न्हाई."

चारदा हसत विचारलेल्या प्रश्नाची मला लाज वाटली. मीही आरशात बघू लागलो. नव्या कार्डामुळे अगदी लांबवरचं दिसत होतं. दोन्ही बाजूंना झाडं, मध्ये सरळ रस्ता. रस्त्यावर कुणी नव्हतं.

बऱ्याच वेळाने मामांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि सीट पुढे सरकवली.

"कोन न्हाई," ते म्हणाले. "द्या बेल, मास्तर."

मी पेन उचललं होतं. ते तसंच खाली ठेवलं.

"थांबा मामा," मी म्हणालो, "अजून एकदा बघून घेऊ."