वायरीचं कलम

आमच्या हरेश्वरकाकांनी मोटारसायकलचा ब्रेक दाबला की मागचे दोन्ही इंडिकेटर लागायचे. उजवीकडचं बटण दाबलं की दोन्ही इंडिकेटर लागायचे आणि वर मागचा लाल दिवासुद्धा. डावीकडचं दाबलं तरी तेच. आणि लुकलुकणं म्हणाल तर नावाला नाही. तेल संपत आलेल्या समईसारखं सगळं नुसतं मिणमिणायचं. हे मी इतक्या अधिकारवाणीने सांगते, कारण रोज सकाळी गाडीच्या मागे उभं राहून "लागला" किंवा "नाही लागला" असं ओरडायची नोकरी काकांनी मला लावून दिली होती. इकडे कुकर गॅसवर चढवावा आणि तिकडे कुंपणापलीकडून हाक यावी, "नंदा, मागे उभी राहा जरा. आणि खरं सांग हां. मला बरं वाटावं म्हणून लागला नको म्हणू."

काकांची घोलवडला चिकूची नर्सरी. उभा जन्म रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या, खुंटावर चिकूचं कलम बांधण्यात गेला. त्यांच्या हातचं कलम सहसा मरत नाही, हे मान्यच करायला हवं. पंचाईत एवढीच, की जोडायची म्हणून जी गोष्ट असेल ती त्यांना कलमच वाटते. चष्म्याची काडी असो, नळाचा पाइप असो, नाहीतर भांडण झालेले दोन भाऊ असोत. वायरसुद्धा ते धारदार चाकूने तिरकी कापत, टोकाला टोक लावत, वरून कलमाची प्लास्टिकची पट्टी करकचून गुंडाळत आणि मग काही दिवस गाडीला कुणाला हातही लावू देत नसत.

"काका, अहो वायर आहे ती. जोडली की लगेच चालते."

"घाई नाय करायची, नंदा. धरू दे. बरोबर ने?"

'बरोबर ने' हा त्यांचा पेटंट शब्द. गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आमच्या बोलण्यात असे पाहुणे येऊन कायमचे राहिलेले आहेत. काकांच्या 'बरोबर ने'ला उत्तर द्यायचं नसतं, नुसती मान हलवायची असते.

गंमत म्हणजे गाडीचे मागचे जुने इंडिकेटर कधीच तुटले होते. दोन्ही बाजूंना चिकूच्या करंड्या बांधून बांधून त्यांचे लोखंडी दांडे गळून पडले. त्यांच्याशिवाय काकांनी इतकी वर्षं गाडी चालवली, कुणाचं काही अडलं नाही. मग एक दिवस काका वापीला गेले आणि रबरी दांड्याचे दोन नवे इंडिकेटर घेऊन आले. ते दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचे होते. तेव्हापासून आमच्या आळीची शांतता संपली.

"इतकी वर्षं चाललं ना? मग आताच काय झालं?" मी एकदा विचारलं.

"तेव्हा चालत होतं. आता नाय चालत," काका म्हणाले आणि गाडीखाली शिरले.

कारण मात्र सगळ्या आळीला ठाऊक होतं. पुष्पाकाकी गाडीवर बसत नव्हती. काकीचं माहेर झाईचं. तिची थोरली बहीण अजून तिथेच असते. लग्न झाल्यापासून दर रविवारी ही जोडी मोटारसायकलवरून झाईला जायची आणि येताना बोर्डीच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत घटकाभर बसायची. गेल्या वर्षी एकाएकी काकी म्हणाली, मी आता रिक्षाने जाणार. तेव्हापासून रविवारी पुढे काकीची रिक्षा आणि मागे रिकाम्या सीटची मोटारसायकल, अशी वरात निघायची. रिक्षात तिच्याशेजारी बसून जावं ना माणसाने! पण नाही. "गाडीला सवय राहिली पाहिजे," म्हणे. वाटेत कुणी हात केला तरी काका थांबायचे नाहीत. मागची सीट ते रोज फडक्याने पुसायचे.

"इंडिकेटर झाले की बसेल ती," ते म्हणायचे. मला वाटायचं, काकीने अपघाताचा धसका घेतला असणार. तलासरीचा एक मेकॅनिक येऊन बघून जातो म्हणाला, तर काकांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. म्हणे, "तो कापणारा माणूस. हे जोडायचं काम आहे."

घोळ कुठे होता ते पुढे कळलं. नव्या इंडिकेटरला प्रत्येकी दोन वायरी होत्या, एक रंगीत आणि एक काळी. जुन्यांना एकच होती. काळी वायर चिमटीत धरून काका म्हणाले, "ही कशाला?"

"करंट परत जायला असेल."

"परत? करंट म्हणजे पाणी. झाडाला दिलेलं पाणी कधी टाकीत परत येतं? बरोबर ने?"

मी ब्लाउज शिवणारी बाई. मान हलवली. काळ्या वायरी निकामी ठरल्या, पण काका सुतळीचा तुकडा टाकत नाहीत, तर वायर कुठली टाकायला! दोन्ही इंडिकेटरच्या काळ्या वायरी आणि एकटी पडेल म्हणून लाल दिव्याचीही काळी वायर, अशा सगळ्या त्यांनी एकत्र बांधल्या, पट्टी गुंडाळली आणि ते गाठोडं सीटखाली खोचून ठेवलं. करंट बिचारा बाहेर पडायला वाट मिळेना म्हणून या दिव्यातून त्या दिव्यात भटकत होता.

मग एका रविवारी कलम धरलं का बघायला काकांनी गाठोड्याची पट्टी सोडली. उजवीकडचं बटण चालूच होतं. हातातली पक्कड निसटली आणि वायरींची उघडी टोकं अन् गाडीच्या सांगाड्याचा बोल्ट यांच्यामध्ये आडवी पडली. उजवा इंडिकेटर लख्ख पेटला आणि टिकटिक, टिकटिक लुकलुकायला लागला. डावा गप्प, लाल दिवा गप्प.

"लागला!" मी ओरडले. "काका, लागला! एकटाच लागला!"

काका पकडीकडे बघत उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पाणी परत जातं." जन्मभराची समजूत मोडल्यावर माणूस जितका खिन्न व्हावा तितके ते खिन्न झाले, आणि दुसऱ्या क्षणी उठून त्यांनी काळ्या वायरी त्या बोल्टखाली आवळून टाकल्या. मग आंघोळीला पळाले.

काकी ओटीवर बसून हे बघत होती. मी तिच्याजवळ गेले. "काकी, आता कसलीही भीती नाही. बस बिनधास्त."

"भीती कसली गं?" काकी म्हणाली. "ह्यांच्यामागे बसायची मला भीती?" तिने उजवा खांदा चोळला. "दिवे तुटले तेव्हापासून उजवीकडे वळायचं झालं की हात मीच दाखवायची, नंदा. मागे बघायचं, हात काढायचा आणि ह्यांना सांगायचं. ह्यांनी कधी आरशात बघितलं नाय. आता हात वर होत नाय. मीच म्हटलं, मग मी मागे बसून उपयोग काय? ओझं नुसतं. ह्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी वापीला गेले."

काकीचा उजवा खांदा वर्षभर धरलेला आहे. तिचे ब्लाउज मी पुढून उघडणारे शिवून देते, बाही सैल ठेवते. सगळं ठाऊक होतं मला. पण तो खांदा आणि हे दिवे यांची गाठ कुठे आहे, ते मला तोवर दिसलं नव्हतं.

काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. गाडी ओटीला लावली. काकी डाव्या हाताने त्यांचा खांदा धरून, कण्हत, हळूहळू मागे बसली. उजवा हात मांडीवर ठेवलेला. गाडी आमच्या कुंपणाला लागून गल्लीच्या तोंडाशी गेली. तिथून झाईला उजवीकडे वळायचं.

इंडिकेटर लागला. छान लुकलुकत होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी काका थांबले. एक पाय टेकला, मान जराशी मागे कलली, आणि बसले तसेच. मला वाटलं, पुन्हा काही बिघडलं. मी "लागलाय हो!" म्हणून ओरडणार, तेवढ्यात काकीने मागे वळून रस्ता नीट बघितला.

"वळा," ती म्हणाली.

आणि काका वळले.