इनासकाकांची पेन्सिल

वसईत मला राहायला जागा दिली ती पापडी गावच्या इनासकाकांनी. हे आधी लिहून टाकते. कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे सांगणार आहे ते वाचून लोक हसतील, आणि हसण्याच्या नादात ही गोष्ट राहून जाईल. माझं शिक्षण सातवीपर्यंतच. लिहिण्यात चुका होतील. झाल्या तर काकाच दुरुस्त करतील, तो त्यांचा जन्माचा धंदा.

काका मुंबईच्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण कानावरची पेन्सिल काही उतरली नाही. आता ते सगळ्या जगाचं प्रूफ तपासतात. सकाळी चर्चमध्ये मिस्सा ऐकून आले की ओटीवर बसतात, पेपर मांडीवर पसरतात आणि प्रत्येक बातमीच्या शेजारी समासात एक आकडा घालतात. पूल खचला, सात. पुढाऱ्याचं भाषण, आठ. दोन टोळ्यांची हाणामारी, पाच. शेवटच्या पानावर पोचेपर्यंत पेपर गणिताच्या वहीसारखा दिसायला लागतो.

दुसऱ्या दिवशी तो पेपर माझ्याकडे येतो. मी डब्यांसाठी चपात्या करून देते, मांडणीवर अंथरायला मला पेपर लागतात. पहिल्या महिन्यात ते आकडे बघून माझा नवरा म्हणाला, "म्हातारा मटका खेळतो वाटतं." मला घाबरायची सवय आहेच. मी शेजारच्या फिलूमावशींना हळूच विचारलं. त्या कुंपणाला धरून इतक्या हसल्या की कुंपण हललं.

"मटका नाय गो! देवाच्या दहा आज्ञा, त्यांचे नंबर ते. ज्याने जी मोडली ती तिथं लिहायची. पोलीस कलम लावतात ना, तसं."

काकांचं म्हणणं साधं आहे. समाजात जे काही बिघडलंय, ते देवाचं ऐकलं नाही म्हणून. दुसरं कारण नाहीच. "शोभा, देवाने कायदे किती दिले? दहा. विसरू नयेत म्हणून बोटंही तेवढीच दिली. आणि समोरच्या बिल्डिंगच्या सोसायटीचे नियम बघ, वही भरलीय. पाळतं कोण? सांगितलं होतं. ऐकलं नाही."

"सांगितलं होतं, ऐकलं नाही" हे त्यांचं पालुपद. वीज गेली की तेच. "रविवार प्रभूचा. त्या दिवशी विसावा घ्यायचा. हे लोक रविवारीच मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन सगळं लावतात. मग ट्रान्सफॉर्मरने तरी विसावा कधी घ्यायचा? तिसरी." कुणी "आईशप्पथ" म्हणालं की ओटीवरून आवाज येतो, "दुसरी!" टँकरवाला अर्धाच टँकर रिकामा करून निघाला की काका टँकरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने सात लिहायला धावतात. टँकरवाल्याने एकदा आरशात पाहून गाडी थांबवली, खाली उतरला, सात पाहिला आणि म्हणाला, "चाचा, गाडी का नंबर तो पहलेसेच है." काका म्हणाले, "हा वरचा नंबर आहे. वर वाचतात."

फिलूमावशी त्यांची फिरकी घेतल्याशिवाय भाजी निवडत नाहीत.

"इनास, माझ्या गुडघ्याला कितवी रे?"

"गुडघे टेकत नाहीस म्हणून धरलेत ते. पहिली."

"आणि तुझं टक्कल?"

"ती आज्ञा नाही, ती कृपा आहे. फणी लागत नाही."

एकदा रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल अर्ज द्यायला ते महापालिकेच्या ऑफिसात निघाले. स्कूटर घसरून दोन माणसं पडली होती. मला सोबत नेलं, कारण मला अर्जावर सही करायची होती. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "विषय?"

काका म्हणाले, "सातवी."

"आजोबा, शाळेचं काम वरच्या मजल्यावर."

काका खरंच वरच्या मजल्यावर गेले. तिथल्या साहेबांना त्यांनी सातवी आज्ञा, चोरी करू नको, ही खडी आणि डांबर यांना कशी लागू होते ते समजावलं. साहेबांनी चहा मागवला. खड्डा तसाच राहिला, पण ते साहेब नाताळला काकांकडे फराळाला येतात.

आता माझं सांगते. मी परभणीकडची. आई लहानपणीच गेली. वडील विहिरी खोदतात, जुन्या विहिरींचा गाळ काढतात. त्यांना मी दादा म्हणते. माझं लग्न त्यांना मान्य नव्हतं. मी न सांगता निघून आले, ते थेट वसईला. काकांच्या घरामागे तीन खोल्यांची बैठी चाळ आहे, त्यातली मधली खोली रिकामी असल्याचं कळलं, म्हणून नवऱ्याबरोबर विचारायला गेले. काका आत पाणी आणायला गेले तेवढ्यात माझं लक्ष भिंतीवर गेलं. तिथे त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात दहा आज्ञा लिहून फ्रेम केल्या होत्या. चौथी होती, 'आपल्या आईवडिलांचा मान राख.'

काका बाहेर आले, कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, "आईवडील?"

"आई नाही," मी म्हणाले. मग तोंडातून निघून गेलं, "वडीलही नाहीत."

काकांनी पेन्सिल कानावर ठेवली. "बरं," म्हणाले. "खोली घ्या. फरशी जरा दमट आहे." पुढे काही विचारलंच नाही.

त्या दिवसापासून मी चौथीची वाट बघत होते. एक ना एक दिवस खोटं उघडं पडणार, काका खोट्याची आठवी आणि वर चौथी लावणार आणि खोली जाणार. या गावात आमचं दुसरं कुणी नव्हतं. मांडणीवरचे पेपर बदलताना मी समासात चार शोधायचे. म्हणजे चौथी मोडणाऱ्यांवर काका किती कडक आहेत ते आधी कळेल. तीन सापडायचा, पाच तर रोज. चार मात्र कुठेच नाही. एकदा एका मुलाने म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढल्याची बातमी होती. तिच्या शेजारी समास कोरा. नीट पाहिलं तर तिथे पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. टेकवली होती आणि उचलली होती.

फिलूमावशींना विचारलं, तर त्या पहिल्यांदाच हसल्या नाहीत. "त्याला विचारू नको," एवढंच म्हणाल्या.

दुसरी एक गोष्ट होती ज्याला काका नंबर लावत नसत. माझी फरशी. बाराही महिने ओली. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी आटतं, वर मचूळ लागतं, प्यायला टँकर लागतो, पण फरशी मात्र घाम फुटल्यासारखी. मी एकदा तक्रार केली. मला वाटलं बिल्डरवर सात येईल, नाहीतर सिमेंटवाल्यावर आठ. संध्याकाळी काका स्वतः डोक्यावरून लाकडी फळ्या घेऊन आले आणि माझ्या अंथरुणाखाली घालून गेले.

यंदा एप्रिलमध्ये, भर दुपारी, मी चपात्या लाटत होते. काका दारात येऊन उभे राहिले. चेहरा प्रूफ वाचताना असतो तसाच.

"शोभा," ते म्हणाले, "तुझे वडील आलेत. मेले होते ते."

लाटणं हातातच राहिलं. काकांच्या मागे दादा. धोतर, पिशवी, डोक्यावर रुमाल. नवऱ्याने मला न सांगता त्यांना पत्ता कळवला होता. दादांनी मला पाहिलं, खोलीला पाहिलं.

"बरी हाईस का माय?"

मी काकांकडे बघत होते. आता चार आणि आठ दोन्ही एकदम येणार.

"आठवी झाली तुझी," काका म्हणाले. मी थांबले. पुढचा आकडा आलाच नाही. "बघतेस काय? पाय धुवायला पाणी दे त्यांना."

दादा स्वतःच विहिरीवर गेले. विहीर दिसली की ते कुणाला विचारत नाहीत. बादली काढली, पाय धुतले, मग एक चूळ तोंडात घेतली आणि डोळे मिटून उभे राहिले. हा त्यांच्या कामाचा रिवाज. आमच्याकडे पाणी आधी तोंडात धरतात, मग पहार धरतात. चूळ टाकून म्हणाले, "हे पाणी मूळचं गोड हाय. मागून खारवलंय."

"हो," काका म्हणाले. "बरीच वर्षं झाली."

दादा विहिरीपासून चालत निघाले. दर चार पावलांवर टाच आपटत, कान देत. केळीच्या आळ्यातून, पानवेलीखालून, चाळीकडे. माझ्या दाराशी आले, आत गेले, फळी उचलली, ओल्या फरशीवर तळहात ठेवला.

"हितं तळं होतं," ते म्हणाले. "त्याच्या जिवावर तुमची हीर गोड होती. कुण्या येड्यानं बुजवलं?"

कुंपणापलीकडे फिलूमावशी भाजी निवडत होत्या. त्या सूप घेऊन आत निघून गेल्या.

इथल्या जुन्या वाड्यांमध्ये गोड्या पाण्याचं एक लहान तळं असायचं, त्याला बावखल म्हणतात. पावसाचं पाणी त्यात मुरायचं, म्हणून समुद्र इतका जवळ असून विहिरी गोड राहायच्या. हे मला त्या दुपारी कळलं. काकांनी दाराच्या चौकटीला हात टेकला होता.

"माझ्या वडिलांचं बावखल," ते म्हणाले. "शेवटच्या दुखण्यात मला जवळ बोलावलं. इनास, म्हणाले, वाडी विकलीस तरी चालेल, बावखल बुजवू नको. मी हो म्हणालो. ते गेल्यावर वर्षभरात भरणी घातली आणि या खोल्या बांधल्या." मग जे म्हणाले ते आम्ही रोज ऐकायचो, पण असं कधी ऐकलं नव्हतं. "सांगितलं होतं. ऐकलं नाही."

कानावरची पेन्सिल काढून त्यांनी माझ्या दाराच्या चौकटीवर एक आकडा लिहिला. लहान, सुबक चार. अजून आहे तिथे.

दादांना आज्ञाबिज्ञा काही ठाऊक नाही. त्यांना वाटलं हा माणूस घराचा नंबर घालतोय. काकांनी विचारलं, "तुम्ही कसे आलात? ही तर तुम्हाला मारून मोकळी झाली होती."

"मारू द्या की," दादा म्हणाले. "बाप मेल्यावर बी येतोच. मी तर जिता होतो, गाडीत बसून आलो."

काका ओटीवर जाऊन पेपर वाचायला लागले. मी चहा घेऊन गेले तेव्हा पेपर उलटा धरलेला होता. कप ठेवून परत आले.

दादा आठ दिवस राहिले. माझ्याशी फार बोलले नाहीत, पण विहिरीत उतरून गाळ काढला आणि रोज माझ्या हातचं जेवले. एका सकाळी काका त्यांना दफनभूमीत घेऊन गेले. फिलूमावशी म्हणाल्या, मेलेल्यांच्या आत्म्यांच्या दिवशी हा माणूस सगळ्या आळीच्या कबरी धुतो, मेणबत्त्या लावतो, पण बापाच्या कबरीशी इतक्या वर्षांत गेला नव्हता. दादांना परत आल्यावर मी विचारलं, काय झालं?

"त्यांच्या बोलीत बापाशी बोलले," दादा म्हणाले. "मला काय कळतंय? मी चप्पल काढून हुबा होतो. येताना म्हणले, बरं झालं तुम्ही संगं होता."

जायच्या दिवशी दादांनी सांगितलं, गाळ काढून विहीर गोड व्हायची नाही, बावखल उघडायला पाहिजे. काका म्हणाले, "म्हणजे खोल्या पाडायला पाहिजेत."

"मधली तरी."

मधली म्हणजे माझी. काकांनी पेन्सिल बोटांत फिरवली. "बापाचं ऐकायला जाऊन या पोरीला रस्त्यावर काढलं, तर ती कितवी?" त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, जशी काही तिथे अकरावी ओळ असेल. मग पेन्सिल कानावर ठेवून दिली. "राहू दे. मी थांबतो."

ते थांबलेत. माझ्यासाठी. त्यांचा मुलगा परदेशी असतो, रविवारी फोन करतो. काका त्याला सांगतात, इकडे सगळं ठीक आहे. टँकर येतो, काका सात लिहितात. पेपर येतो, आकडे पडतात. चार अजूनही पडत नाही, पण आता मी तो शोधत नाही. सकाळी फरशी पुसताना ओलावा वर येतो, तेव्हा मी तक्रार करत नाही. खाली पाणी आहे, जागा मागतंय, एवढंच.

मी आणि नवरा जूचंद्र गावाकडे खोली बघतोय. मिळायला वेळ लागेल, आमचं सगळंच हळू असतं. पण ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी मी आधी सामान हलवणार नाही. आधी दादांना पहार घेऊन बोलावीन, आणि या फरशीखालच्या भरणीची पहिली पाटी माझ्या डोक्यावरून बाहेर नेईन. काका, हे मी लिहून देते. चूक असेल तर समासात दाखवा.