बाळंतपणाच्या खोलीतला नळ

नळ मिनिटाला अठरा थेंब गळत होता. हे प्लंबरनं मोजलं होतं. खरं तर त्याला मोजायला सांगितलं होतं बायकोच्या कळांमधलं अंतर.

"किती झालं?" बायकोनं विचारलं. ती जमिनीवरच्या गादीवर गुडघे टेकून, समोरच्या स्टुलावर डोकं ठेवून बसली होती.

"अठरा."

"अठरा मिनिटं? मघाशी तर चार होती."

"तसं नाही... वॉशर गेलाय बहुतेक."

बायकोनं डोकं उचलून त्याच्याकडे पाहिलं. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय तयार ठेवायचा आणि समोरून ट्रक आला तरी आवाज चढवायचा नाही, यात तिची नऊ वर्षं गेली होती. शिकणारे तिला मागून ब्रेकबाई म्हणत. पुढून म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"नळाकडे बघू नकोस," ब्रेकबाई म्हणाली. "माझ्याकडे बघ. नजर रस्त्यावर."

हे केंद्र म्हणजे एका लाँड्रीच्या डोक्यावरच्या तीन खोल्या. एक तपासणीची, एक बाळंतपणाची आणि एक सुईणबाईंच्या चहाची. सुईणबाईंनी बारा वर्षं मोठ्या हॉस्पिटलात काढली होती आणि मग स्वतःचं हे केंद्र थाटलं होतं. इथं बाई चालू शकत होती, खाऊ शकत होती, ओरडू शकत होती, आणि तिला हवं तसं बसून, वाकून, लोंबकळून बाळंत होऊ शकत होती. नियम फक्त तीन. बाळाचे ठोके बिघडले, रक्त जास्त गेलं किंवा केंद्रात वाहतं पाणी नसलं, तर गाडी बोलवायची आणि हॉस्पिटल गाठायचं. पहिले दोन नियम ऐकताना सगळे गंभीर होत. तिसरा कुणी नीट ऐकतच नसे.

केंद्राचं नाव घरात पहिल्यांदा निघालं तेव्हा ब्रेकबाईच्या सासूनं हातातली वाटी खाली ठेवली होती. सासू म्हणजे त्याच मोठ्या हॉस्पिटलातून एकतीस वर्षांनी निवृत्त झालेल्या मेट्रन. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी घरी चादरीचे कोपरे अजून वॉर्डातल्यासारखे दुमडले जात, आणि मुलगाही कधीकधी चुकून त्यांना 'हो सिस्टर' म्हणे.

"आमच्याकडे जा," मेट्रन म्हणाल्या होत्या. "तिथं तुला काही म्हणजे काही करावं लागत नाही. आडवं व्हायचं. बाकी सगळं ते करतात."

"मग मी कशाला हवी?" ब्रेकबाई म्हणाली होती. "तुम्हीच जाऊन या."

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तिखट-मिठाच्या डब्याची देवाणघेवाण करण्यापुरतं उरलं. ब्रेकबाईनं एका कागदावर आपल्या बाळंतपणाचे अकरा मुद्दे लिहून काढले. मोठे दिवे लावायचे नाहीत. 'लाव जोर, लाव जोर' असं कुणी ओरडायचं नाही. आणि सातवा मुद्दा होता, 'सासूबाई बाहेर.' मेट्रननी तो कागद वाचला, शुद्धलेखनाची एक चूक काढून दिली आणि आज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बोळात खुर्ची टाकून बसल्या. खोलीच्या दारापासून बरोबर एक वीत बाहेर. मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी सुनेसाठी एक खाट सांगून ठेवली होती, हे त्या दर पंधरा मिनिटांनी कुणालाही उद्देशून न म्हणता म्हणत होत्या.

"तुम्ही पाठ चोळा," सुईणबाईंनी प्लंबरला काम दिलं. "कंबरेच्या वर, तळव्यानं, जरा दाबून."

प्लंबर चोळू लागला. माणूस जीव लावणारा होता, हात मऊ नसले तरी खात्रीचे होते. पण मिनिटभरात ब्रेकबाई म्हणाली, "तू थेंबांच्या तालावर चोळतोयस."

"नाही गं."

"टप, चोळ. टप, चोळ. मला ऐकू येतं."

प्लंबरचा नाइलाज होता. काही लोकांना भीती वाटली की घाम येतो, काही देवाला हाका मारतात. प्लंबरला भीती वाटली की त्याला काहीतरी दुरुस्त करावंसं वाटे. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी त्यानं सासऱ्यांच्या घरचा फ्लश उघडला होता. आज तर त्याच्या डोळ्यांसमोर त्याचं सगळं जग गुडघ्यांवर वाकून कण्हत होतं आणि त्याला त्यातला एक स्क्रूसुद्धा हातात घेता येत नव्हता.

म्हणून सुईणबाई ठोके ऐकायला वाकल्या तेव्हा तो बेसिनखाली वाकला.

"नुसतं बघतो," तो स्वतःशीच म्हणाला.

नळ उघडण्याआधी खालचा कॉक बंद करायचा, हे तो झोपेतही विसरला नसता. त्यानं कॉक फिरवला. कॉक इमारतीच्या वयाचा होता. आतला दांडा कटकन मोडून त्याच्या हातात आला आणि मागोमाग, मिनिटाला अठरा थेंबांऐवजी, सगळी टाकीच खोलीत यायला निघाली.

पुढची तीन मिनिटं प्लंबरच्या कारकिर्दीतली सर्वांत वेगवान होती. तो गच्चीवर धावला, टाकीची मुख्य चावी बंद केली आणि नखशिखान्त भिजून परत आला. खोलीत घोटाभर पाणी होतं. गादी तेवढी सुईणबाईंनी आणि ब्रेकबाईनं मिळून वेळेवर कोरड्या कोपऱ्यात ओढली होती. मधे एक कळ येऊन गेली होती ती वेगळीच.

"गळायचा थांबला," प्लंबर म्हणाला.

"पाणी कधी येईल?" सुईणबाईंनी विचारलं.

"नवा कॉक बसवला की. वीस मिनिटं."

"अर्धा तास देते. तेवढ्यात नळाला पाणी नाही आलं तर मला हिला हॉस्पिटलात पाठवावं लागेल."

प्लंबरनं बायकोकडे पाहिलं. तिचा उजवा पाय गादीवर जोरात दाबला गेला, तिथं ब्रेक नसतानाही.

तो गेला आणि लाँड्रीवाला आला. त्याच्या हातात हँगर होता आणि हँगरवर एका वकिलाचा काळा कोट, ज्याच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं.

"छत गळतंय," तो दारात येऊन म्हणाला. "सरळ इस्त्री केलेल्या कपड्यांवर."

मेट्रन खुर्चीतून उठल्या. एवढ्यानंच माणसं दोन पावलं मागं जात. "हळू बोला. आत बाळंतपण चाललंय."

"खाली माझं दिवाळं चाललंय."

"ते ओरडून थांबतं का?"

लाँड्रीवाल्यानं विचार केला. थांबत नव्हतं. आतून ब्रेकबाईचा एक लांब, खोल हुंकार आला, दरवाजा हलवणारा. लाँड्रीवाल्याचा चेहरा पडला. त्यानं कोट हळूच आपल्या पाठीमागे घेतला, जणू त्या कोटालाच लाज वाटली.

प्लंबर अठराव्या मिनिटाला धापा टाकत परतला आणि बेसिनखाली शिरला. मग खूप वेळ काहीच आवाज आला नाही.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"पाऊण इंची आणला."

"आणि पाहिजे किती?"

"अर्धा."

या माणसाला अंधारात नुसतं बोट फिरवून पाइपाचा आकार सांगता येई. आज त्यानं दुकानात उभं राहून, स्वतःच्या तोंडानं पाऊण इंची मागितला होता, आणि दुकानदारानं दोनदा विचारूनही 'हो, पाऊणच' म्हणून सांगितलं होतं.

"परत जातो," तो म्हणाला.

"दुकान आठ मिनिटांवर आहे," सुईणबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि हिची वेळ जवळ आलीय. हिला हलवायचं तर आत्ताच, नंतर हलवता येणार नाही. मी फोन लावते. बाळा, हा माझा हट्ट नाही, नियम आहे."

"नियमाचं मला सांगू नका," ब्रेकबाई म्हणाली. तिचे केस कपाळाला चिकटले होते आणि दोन्ही हातांनी तिनं स्टूल असं धरलं होतं की ते जणू स्टिअरिंग. "जन्मभर मी लोकांना सिग्नलला थांबवलंय. लाल असता तर मीच आधी गाडी मागितली असती. बाळाचे ठोके कसे आहेत?"

"उत्तम."

"रक्त?"

"काही नाही."

"मग अजून पिवळा आहे. मी हा जिना कळा सोसत चढलेय, उतरायला नाही. पाणी आणा."

"अर्धा तास व्हायला नऊ मिनिटं आहेत," सुईणबाई म्हणाल्या आणि त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला. लावला आणि समोरून उचलला जाताच मेट्रननी एक वीत ओलांडून आत येऊन तो त्यांच्या हातातून घेतला. सातवा मुद्दा भिंतीवर चिकटलेला होता. मेट्रन त्याच्या बाजूलाच उभ्या राहिल्या.

"मी बोलते. माझ्या ओळखीचं आहे सगळं." त्यांच्या चेहऱ्यावर सहा वर्षांत दिसलं नव्हतं असं तेज आलं. "हॅलो. सुनेला घेऊन येतेय. खाट सांगून ठेवलीय. मी स्वतः असेन लेबर रूममध्ये... म्हणजे काय? मी मेट्रन बोलतेय... कोण म्हणजे? मेट्रन. एकतीस वर्षं." मग त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. "बाहेर? कुठं बाहेर?... बाकावर?... टोकन?"

फोनमधला तरुण आवाज अदबीनं सांगत होता की नातेवाइकांनी तळमजल्यावर टोकन घ्यावं, बाकावर बसावं आणि आत वाकून बघू नये.

मेट्रननी फोन ठेवला. पदर खोचला. इथं निदान दारापासून एक वीतच अंतर होतं. तिथं तळमजला होता.

"ही कुठं जाणार नाही," त्या म्हणाल्या. "अशा अवस्थेत बाईला जिन्यावरून खाली नेतात का? काही अक्कल?"

"पण आई, तूच तर..." प्लंबर बेसिनखालून म्हणाला.

"तू पाऊण इंचीवाला, गप्प बस." त्या लाँड्रीवाल्याकडे वळल्या. "तुमच्याकडे पाणी आहे?"

"माझी वेगळी लाइन आहे. रस्त्यावरून."

"वाहतं?"

"चोवीस तास."

"नळी?"

लाँड्रीवाल्याच्या ध्यानात सगळं एकदम आलं. "म्हणजे तुमच्या पाण्यानं मला बुडवलंत आणि आता माझंच पाणी मागताय?"

"त्या कोटाची इस्त्री मी करते. कॉलर अशी बसवून देईन की वकील केस हरला तरी मान ताठ राहील. नळी काढा."

नळी लांब होती, पण कधी वरच्या मजल्यावर चढली नव्हती. लाँड्रीवाल्यानं ती खालून फेकली, प्लंबरनं खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत पकडली, मेट्रननी त्याचे पाय धरले. त्यानं नळीचं तोंड बेसिनच्या काठाला तारेनं असं आवळलं, की आयुष्यात त्यानं इतकं साधं आणि इतकं चांगलं काम दुसरं केलं नव्हतं. मग तो खिडकीतून ओरडला, "सोडा."

सत्ताविसावं मिनिट होतं. नळी फुरफुरली, खोकली, एक घोट हवा सोडली. मग पाणी आलं. गार, स्वच्छ आणि वाहतं.

"वाहतं," मेट्रन म्हणाल्या. सुईणबाईंनी मान डोलावली, बाह्या सरसावल्या आणि कोपरापर्यंत साबण लावला. प्लंबर नळीकडे पाहत होता. मेट्रन नळीकडे पाहत होत्या. खालून लाँड्रीवाला विचारत होता, आलं का, आलं का.

"आलं," ब्रेकबाई म्हणाली.

पण ती पाण्याबद्दल बोलत नव्हती.

"आलं आलं, हात धुते, क्षणभर फुंकर घाल, जोर देऊ नकोस," सुईणबाई साबणातून म्हणाल्या.

जोर ती देतच नव्हती. जोर तिला घेऊन चालला होता. तिनं स्टूल सोडलं, गुडघे रुंद केले आणि दोन्ही हात खाली नेले. तळहाताला आधी काहीतरी गरम, ओलं, कठीण लागलं. तिनं नऊ वर्षं शिकवलं होतं तेच स्वतःला सांगितलं: हळू, हळू, सोड आता हळूच. आणि मग एका सुळकीसरशी सगळं बाळ तिच्या ओंजळीत उतरलं, इतकं निसरडं आणि इतकं जड की ओंजळ भरून पुन्हा ओसंडली.

सुईणबाई दोन पावलांत पोचल्या, हातांवरून अजून पाणी निथळत होतं. त्यांनी बाळाकडे पाहिलं, आईच्या पकडीकडे पाहिलं आणि हात मागं घेतले.

"छान धरलंयस," त्या म्हणाल्या. "छातीशी घे."

बाळानं डोळे उघडले, समोरचा चेहरा नीट बघितला आणि मग आपल्याला ओल्या खोलीत आणल्याबद्दल रीतसर तक्रार केली. मुलगी होती. प्लंबर खाली बसला, तिच्या इवल्याशा मुठीत आपलं एक खरबरीत बोट दिलं आणि पहिल्यांदा त्याला काहीच दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

तासाभरानं सगळं पुसून झालं, बाळ दूध पिऊन झोपलं आणि सुईणबाई नोंदीचा कागद भरू लागल्या. तारीख, वेळ, वजन. मग त्यांनी पेन थांबवलं.

"प्रसूती कोणाच्या हातून झाली," त्यांनी रकाना वाचला.

"तसं पाहिलं तर," मेट्रन घसा साफ करत म्हणाल्या, "मी वेळेवर आत आले नसते तर..."

"पाणी माझं होतं," दारातून लाँड्रीवाला म्हणाला. त्याला चहा दिला होता, म्हणून तो गेला नव्हता.

"नळी मी बांधली," प्लंबर म्हणाला. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"हे केंद्र तुमचं," मेट्रन नाइलाजानं सुईणबाईंना म्हणाल्या. "नाव तुमचंच पडणार."

"माझे हात साबणात होते," सुईणबाई म्हणाल्या. "खोटं कसं लिहू?"

ब्रेकबाईनं झोपलेली लेक डाव्या हातावर घेतली आणि उजवा हात पुढे केला.

"द्या इकडे."

"अगं, तिथं करणाऱ्याचं नाव लिहितात," मेट्रन म्हणाल्या. "बाळंतिणीचं वर लिहिलंय आधीच."

"माहितीये. दोन्हीकडे एकच आहे."

मेट्रन तिच्याकडे बघत राहिल्या. एकतीस वर्षांत असले हजारो कागद त्यांच्या डोळ्यांखालून गेले होते. त्या रकान्यात त्यांनी मोठी मोठी नावं पाहिली होती, वाचता न येणारी, घाईघाईत फरफटलेली. त्यांनी सुईणबाईंच्या हातून पेन घेतलं, त्याचं टोक बोटावर घासून पाहिलं आणि सुनेच्या हातात दिलं.

"अक्षर नीट काढ," त्या म्हणाल्या. "वाचता आलं पाहिजे."