साळूमावशीची बिनगियरची सायकल

एका जंगलात, बाळांनो, झाडं दाट होती आणि शेजार त्याहून दाट. तिथे साळूमावशी नावाची साळिंदर राहायची. टेकडीपलीकडच्या बालवाडीची किल्ली तिच्याकडे असे. पाय आखूड, वाट लांब, त्यामुळे रोज उशीर. पाडसं बिचारी दाराबाहेर ताटकळायची.

शेवटी मोठ्या बाई, म्हणजे नीलगायबाई, म्हणाल्या, "साळूताई, असंच चाललं तर किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल."

मावशीने किल्ली मुठीत घट्ट धरली. किल्ली गेली म्हणजे पाडसं गेली. मग दिवसभर करायचं काय?

तशीच ती अस्वलशेठच्या सायकलच्या दुकानात गेली. मागोमाग अर्धं जंगल. कुणी काही घ्यायला निघालं की सगळ्यांनी सल्ला द्यायला सोबत जायचं, अशी तिथली रीतच होती.

शेठने चकचकीत सायकली पुढे केल्या. मावशीने कोपऱ्यातली काळी, जाड टायरची, भक्कम कॅरिअरची सायकल ओढली.

"अगं मावशी, हिला गियर नाहीत," बापू कोल्हा म्हणाला. त्याच्या सायकलीला ढीगभर गियर होते. म्हणून ती कायम अंगणात चादरीखाली असे. "चढावर काय करशील?"

"उतरेन."

"चढावर?"

"सायकलवरून रे. ढकलेन थोडी. उतार लागला की बसेन परत."

"लोक काय म्हणतील?"

"तू आत्ता म्हणालास तेच."

आणि काय सांगू, सायकल धावली की! दगडांतून, चिखलातून, ओढ्यातून. पाडसं यायच्या आत दार उघडं.

पण इथेच घोटाळा झाला. न बिघडणारी सायकल त्या जंगलात दुसरी नव्हती. मावशीच्या मागे डबलसीट बसायची कुणाची छाती नव्हती, काटे टोचायचे ना. म्हणून जो तो अख्खी सायकलच मागायचा.

"कंदांचं पोतं तेवढं आणते गं," डुकरीणकाकू म्हणायची.

"हा गेलो नि हा आलो," मुंगूस म्हणायचं.

नाही म्हणणं मावशीच्या जिभेवर येईना. एका सकाळी सायकल मुंगसाकडून सशाकडे गेली आणि ससा गेला सासुरवाडीला. मावशी धापा टाकत पायी पोचली. नीलगायबाई दारातच उभ्या.

"साळूताई, उद्या शेवटचं बघते."

ससा परतल्यावर मावशीने मुंगसाला विचारलं, "बापूची सायकल का नाही मागत रे तुम्ही?"

"त्याची? नको गं बाई. गियरवाली आहे. काही तुटलं-बिटलं तर कोण निस्तरणार?"

मावशी तडक शेठकडे गेली. भंगारातला गियरचा एक खटका मागून आणला. हँडलला बसवला. त्याची तार नेऊन सीटखाली खोचली. जोडली कशालाच नाही.

संध्याकाळी मुंगूस आलं. खटका बघून थबकलं.

"गियर बसवलेस?"

"हो रे. ने ना. फक्त चौथ्यावरून तिसऱ्यावर घेताना जरा जप."

"राहू दे. चालणं तब्येतीला बरं असतं म्हणे."

मग बापू कोल्हा आला. त्याने एक चक्कर मारली, खटका दोनदा इकडेतिकडे केला आणि म्हणाला, "बघ, मी सांगत नव्हतो? किती हलकी झाली."

दुसऱ्या दिवशी पाडसं आली, तेव्हा दार उघडं होतं आणि मावशी खिचडीचं पातेलं चढवत होती.

तात्पर्य: सायकल घ्यावी ती स्वस्त, दणकट आणि बिनगियरचीच. फक्त ती तशी आहे, हे शेजाऱ्यांना कळू देऊ नये.