धारपांची कवळी कोलंबोला जाते

कोलंबोला निघण्याआधी दात बसवून घ्यावेत असं शरच्चंद्र धारपांनी ठरवलं आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

धारप बॅलार्ड इस्टेटीतल्या एका बोट कंपनीत हेडक्लार्क होते. पंचवीस वर्षं इमानानं नोकरी केली म्हणून कंपनीनं त्यांना कोलंबोचं जाऊन-येऊन तिकीट दिलं, तेही सपत्नीक. वर तिथल्या समुद्रकाठच्या बड्या हॉटेलात दोन दिवस मुक्काम. "टेक रेस्ट, मिस्टर धारप," साहेब म्हणाला. (विश्रांती खरं तर साहेबालाच हवी होती. धारप रजेवर गेले की आख्ख्या खात्याच्या कानांना सुट्टी मिळे.)

कारण धारप बोलत. सकाळचा पेपर ते मोठ्यानं वाचत आणि वाचून झाला की समजावून सांगत. राज्य पुनर्रचनेचा अहवाल त्यांनी पद्मजाबाईंना कलमवार समजावला होता, त्या खोबरं किसत असताना. द्वैभाषिक गळ्यात आल्यापासून तर मुगभाटातल्या त्यांच्या दोन खोल्यांत रोज चौपाटीची सभा भरे. वक्ता एक, श्रोता एक. पद्मजाबाई "हं" म्हणत. सरावानं तो "हं" इतका नेमक्या जागी पडू लागला होता, की एकदा त्या डुलकी घेतानाही तो चुकला नव्हता.

तर दात. धारपांचे पुढचे गेले होते, मागचे जाण्याच्या तयारीत होते.

"या तोंडानं परदेशी कसं जायचं?" धारप म्हणाले.

"समुद्र काय दात मोजायला बसलाय?"

"समुद्र नाही गं, साहेबलोक बसतात तिथे. काट्या-चमच्यानं जेवायचं असतं."

मग ठाकुरद्वारच्या डॉक्टरांनी उरलेसुरले दात उपटले आणि वरची-खालची कवळी बसवली. धारपांनी आरशात हसून पाहिलं. आरशातला माणूस त्यांच्याहून जरा जास्तच हसला.

"हिरड्या अजून आवळायच्या आहेत," डॉक्टर म्हणाले, "तोवर कवळी सैल राहणार. बोलणं थोडं कमी ठेवा."

पद्मजाबाई बाहेर कुणापुढे सहसा बोलत नसत. पण त्या पुढे झाल्या. "डॉक्टर, ते शेवटचं जरा पुन्हा सांगता का?"

निघायच्या दिवशी निम्मी चाळ धक्क्यावर लोटली. समितीचं काम बघणारे तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा रेगे हार घेऊन आले होते. "धारप, नुसता आराम करून येऊ नका. परदेशात आपला प्रश्न मांडा!" आणि त्यांनी तिथेच आरोळी ठोकली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" धारप गरजले. त्या घोषणेत सगळा जोर त्या 'च'वर. 'च' सुटला आणि त्यापाठोपाठ वरची कवळीही निम्मी सुटली. धारपांनी झटकन रुमाल तोंडाला लावला. गदगदून आलंय असं समजून शेजारच्या कालिंदीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. नलूनं, म्हणजे धारपांच्या मुलीनं, मात्र बापाकडे निरखून पाहिलं आणि आईच्या कानात सांगितलं, "आई, बाबांना घोषणा देऊ देऊ नकोस हं."

कोलंबोचं हॉटेल म्हणजे राजवाडाच. खोलीच्या दारापुढे हिरवळ, हिरवळीपुढे माड आणि माडांपलीकडे समुद्र. पद्मजाबाई वेताच्या खुर्चीत बसल्या आणि समुद्राकडे बघतच राहिल्या. चूल नाही, नळावरची रांग नाही, दारावर कोळीण नाही.

"हे बघ," धारप म्हणाले, "या बेटावर आधी आले पोर्तुगीज." मग डच आले, मग इंग्रज आले. संध्याकाळ झाली तरी इंग्रज काही जाईनात.

"पाण्यापर्यंत जाऊन येऊ या का?" पद्मजाबाईंनी शेवटी विचारलं.

वाळूवर त्यांना परेरा नावाचे एक म्हातारे गृहस्थ भेटले. तिथले पेन्शनीत निघालेले स्टेशनमास्तर. धारपांना इंग्रजी कळणारा नवा माणूस मिळाला. त्यांनी पाटलोण गुडघ्यांपर्यंत दुमडली, पाण्यात उभे राहिले आणि समुद्राकडे पाठ करून प्रश्न मांडायला घेतला.

"पण मुंबई इंडियातच आहे ना?" परेरांनी अगदी भोळेपणानं विचारलं.

"आहे की!"

"मग तुम्हाला ती कुणाकडून हवी आहे?"

एवढ्यावर धारप पेटले. दार कमिशन निघालं, फाजलअली निघाले, हुतात्म्यांचं रक्त निघालं. पद्मजाबाई म्हणत होत्या, "अहो, मागे बघा, भरती आलीय." पण वक्ता मागे बघत नसतो. धारपांनी मूठ वर केली. "आणि म्हणून, मिस्टर परेरा, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाऽऽच..."

मागून लाट आली ती थेट त्यांच्या टाळूवर. धारप तोंडघशी पडले, उठले, आणि 'पाहिजे' म्हणायला गेले तर तोंडात 'पाहिजे' म्हणण्याजोगं काही उरलंच नव्हतं.

त्यांनी पाण्यात हात घातले, मग डोकं घातलं. हॉटेलचे दोन पट्टेवाले धावत आले. "व्हॉट हॅपन्ड, सर?"

"माय टीऽ!" धारप तोंडाकडे बोट दाखवून ओरडले. "माय टीऽऽ!"

(टीथमधला 'थ' उच्चारायला दात लागतात, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा समजलं.)

"येस सर!" एक जण उलट्या पावली पळत सुटला आणि हां हां म्हणता वाळूवर चांदीच्या तबकातून चहा आला.

"नो! नो! माय टीऽ!"

"विदाउट मिल्क, सर?"

दुसरी किटली आली. पद्मजाबाई समजावून सांगायला पुढे झाल्या, पण त्यांना हसू आवरेना. त्यांनी तोंडावर पदर धरला. एव्हाना परेरांच्या ध्यानात आलं होतं. ते स्वतः गुडघाभर पाण्यात उतरले, पट्टेवाले उतरले, जाळी ओढणारे कोळी आले. अंधार पडेपर्यंत शोधाशोध झाली. खेकडे निघाले, शिंपले निघाले, एक कुलूप निघालं. दात नाही निघाले.

रात्री जेवणाच्या हॉलमध्ये धारप हाताची घडी घालून बसले. मुगभाटात महिनाभर त्यांनी थालीपीठावर काट्यासुरीचा सराव केला होता. आता समोरून मासळी गेली, भाजलेली कोंबडी गेली, आणि त्यांच्या वाट्याला आलं सूप. त्यांचे डोळे भरून आले. फजितीचं त्यांना काही वाटत नव्हतं. पण पंचवीस वर्षांत हिला एकदा कुठे आणलं आणि तिथेही लोकांनी हिच्याकडे बोळक्या नवऱ्याची बायको म्हणून बघावं, हे त्यांना लागलं.

पद्मजाबाईंना ते दिसलं. त्या उठल्या, वाढप्याला खाणाखुणा करून मऊ भात आणि दूध मागवलं आणि साहेबलोकांच्या देखत हातानं भात कुस्करायला बसल्या.

"लोक बघतायत," धारप पुटपुटले. (ऐकू आलं ते "ओक बअतायअ.")

"बघू देत. खा."

दुसरा दिवस उजाडला तेव्हा पद्मजाबाई खोलीत नव्हत्या. धारप घाबरून बाहेर आले. ओहोटी लागली होती. दूर पाण्यात एक डोकं वर-खाली होत होतं, आणि त्या डोक्याला पद्मजाबाईंचा अंबाडा होता!

धारप पाण्याच्या कडेला उभे राहून हातवारे करू लागले. पद्मजाबाई सावकाश हात मारत आल्या, कासोटा झाडला, पदर पिळला आणि शांतपणे त्यांच्या शेजारी वाळूवर बसल्या.

"ओहता एतं?" धारपांनी विचारलं.

"वेंगुर्ल्याची आहे मी. भावाबरोबर शिकले. बंदरातल्या होड्यांपर्यंत जात असू आम्ही."

'मग मला कधी बोलली का नाहीस?' हे वाक्य धारपांच्या घशाशी आलं. पण त्यात तोंड उघडावं लागणार होतं आणि माडांखाली दोन मडमा बसल्या होत्या. ते गप्प राहिले.

त्या गप्प राहण्यानं चमत्कार केला. पद्मजाबाई जरा वेळ थांबल्या, सवयीनं. कुणी मध्ये बोललं नाही, तेव्हा पुढे बोलू लागल्या.

"तुम्ही मला बघायला आलात ना, तेव्हा बाबांनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं. आवड कशाची विचारलं, तर भरतकाम म्हणायचं. मी मनात ठरवलं होतं, पोहण्याची म्हणून सांगायचं. जे होईल ते होवो. पण तुम्ही विचारलंच नाही. पोहे संपेपर्यंत तुम्ही लोकमान्यांवर बोलत होतात."

धारपांनी मान खाली घातली.

"तसं बरं बोलत होतात," त्या म्हणाल्या. "म्हणून तर हो म्हटलं."

मग त्या दिवसभर बोलत होत्या. वेंगुर्ल्याच्या काळोखातलं काजव्यांचं झाड, बंदरात बुडून गेलेला मामा, नलूच्या वेळी जीव कसा घाबरला होता ते, नलूला कुणीतरी आवडतो ते. (इथे धारप खुर्चीतून उठले, काही बोलता येईना म्हणून परत बसले.) चहाच्या वेळी परेरा आले. पद्मजाबाई त्यांच्याशी मराठीत बोलल्या, ते सिंहलीत बोलले आणि दोघांचं छान जमलं. धारप ऐकत होते. आपल्या घरात एवढी गोष्टीवेल्हाळ बाई राहते आणि आपण इतकी वर्षं तिला पेपर वाचून दाखवला, असं त्यांच्या मनात आलं. परतीच्या बोटीवर तर "मग?" एवढं ते हिरड्यांनीच विचारायला शिकले.

मुंबईला उतरले तो रविवार होता. संध्याकाळी सगळी चाळ त्यांच्या खोलीत जमली. कालिंदीबाई दारात बसल्या, पोरं खिडकीत. अण्णा रेगे पुढे सरसावले. "हं, धारप, होऊन जाऊ द्या! काय काय पाहिलंत?"

धारपांनी रुमालाआडून पद्मजाबाईंकडे बोट केलं.

पद्मजाबाईंनी सांगितलं. बोट सांगितली, माड सांगितले, परेरा सांगितले. गोष्ट चहाच्या दोन किटल्यांपर्यंत आली तेव्हा अण्णा हसून हसून भिंतीला टेकले. त्या जिथे थांबत, तिथे कालिंदीबाई म्हणत, "पुढे गं?" दिवेलागण होऊन गेली तरी कुणी हलेना. शेवटी एकेक जण नाइलाजानं उठला.

खोली रिकामी झाली. नलू पाणी भरायला खाली गेली. पद्मजाबाईंनी ट्रंक उघडली, तळातून रुमालाची एक पुरचुंडी काढली आणि धारपांच्या हातावर ठेवली.

धारपांनी गाठ सोडली. आतून त्यांची कवळी, वरची आणि खालची, त्यांच्याकडे बघून हसत होती.

"अधी?" ते किंचाळले. "ही अधी आपडली?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. ओहोटीला वाळूतच पडली होती. पोहायला जाताना पायाला लागली."

धारपांनी मनात हिशेब मांडला. तो सबंध दिवस. बोटीवरचे ते दिवस. आजची संध्याकाळ. तो रोजचा दूधभात!

"मग आअ का देतेस?"

पद्मजाबाईंनी पदर खोचला आणि भाताचं आधण ठेवायला वळल्या.

"उद्या सोमवार नाही का? तुम्हाला ऑफिस आहे."

सगळा संताप एकवटून धारपांनी दोन्ही कवळ्या तोंडात कोंबल्या, छाती भरून घेतली आणि "पद्मजाऽ, हे तू..." म्हणेपर्यंत तोंडात कचकन आवाज झाला.

"अहो, आधी धुवून घ्या," आतून पद्मजाबाई म्हणाल्या, "वाळू आहे."